एलिफलेट हॅलकची ताकीद

ब्रुकलिनहून ते पत्र आलं जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, आणि एल्मायराबाई पेनिमन यांनी त्याच संध्याकाळी त्याला उत्तर टाकलं. तिथेच चुकलं. दोन दिवस ते पत्र टेबलावर पडू दिलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण चाळीस वर्षं शाळेत लॅटिन शिकवलेली बाई ती. कुणाची चूक दिसली की तिच्यावर लाल शाई फिरवल्याशिवाय त्यांना घास गोड लागायचा नाही.

पत्र होतं अगाथ मोंतूर नावाच्या बाईचं. नवरा न्यूयॉर्कच्या उंच इमारतींवर लोखंडी तुळया चढवणारा, मूळ घर कॅनडातल्या मोहॉक या मूळ रहिवासी जमातीच्या वस्तीत. अक्षर शाळकरी, पण मजकूर सरळ होता.

"तुमच्या कुलसंमेलनाची बातमी वाचली. ज्या जेरूशाचा दगड तुम्ही बसवताय, ती आमची असावी. आमची मूळ आजी सात वर्षांची असताना इंग्रजांच्या गावातून आणलेली. मोठी झाल्यावर लेकराला पाठीशी बांधून ती एकदा बापाच्या घरी गेली होती. दारात एक मुलगी उभी होती. तिच्या अंगावर आजीचं नाव होतं. म्हणून आजी परत आली. मला त्या दिवशी यावंसं वाटतं. येऊ का?"

एल्मायराबाईंनी हे पत्र फोनवर आपल्या भाच्याला, वॉल्डोला, वाचून दाखवलं. वॉल्डो त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा. गावात त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि पेनिमन कुळमंडळाचा तो अध्यक्ष होता. अध्यक्ष नावाला. मंडळ म्हणजे आत्या, हे गावातलं कुत्रंसुद्धा जाणून होतं.

"अंगावर नाव होतं म्हणजे काय रे? नाव म्हणजे काय स्वेटर आहे?"

"येऊ दे ना आत्या. दोनशे माणसांत एक जास्त. बीन्सचं एक पातेलं वाढवू."

"बीन्सचा प्रश्न नाही, वॉल्डो. उद्या कुणीही उठेल आणि जेरूशा आमची म्हणेल."

जेरूशा त्यांची होती. त्यावर कुणी बोट ठेवलेलं त्यांना खपत नसे. याच गावच्या, नॉर्थमेडोच्या, एलिफलेट हॅलकची ही मुलगी १७०६ च्या जूनमध्ये जवसाच्या शेतातून मोहॉक हल्लेखोरांनी पळवली, तेव्हा ती सात वर्षांची होती. सोबत पकडलेला एक शेजारी पैसे भरून सुटून आला आणि म्हणाला, पोरगी वाटेतच गेली. आणि मग १७१९ मध्ये गावच्या पाद्र्याच्या रोजनिशीत एकच ओळ सापडते: "हॅलकची जेरूशा कॅनडाहून आली. देवाची कृपा." रोजनिशीची पुढची पानं उंदरांनी खाल्लेली. त्यानंतर थेट १७३१ मध्ये चर्चचा कारभार पाहणाऱ्या डीकन एनॉक पेनिमनशी जेरूशा हॅलकचं लग्न, आणि मग नऊ मुलं. त्या नऊ मुलांतून पुढे सगळे पेनिमन. रानटी मुलखात तेरा वर्षं काढून स्वतःच्या पायांनी घरी आलेली बाई ही आपली मूळ माता, याचा सगळ्या कुळाला काय तो अभिमान. दर पिढीतल्या एका तरी मुलीला तिचं नाव ठेवायचं, हा शिरस्ता. एल्मायराबाईंचं स्वतःचं पूर्ण नाव एल्मायरा जेरूशा पेनिमन. सहीत त्या मधलं नाव कधीही गाळत नसत.

एकतीस वर्षं खपून त्यांनी कुलवृत्तांत लिहिला होता. धाकटा मुलगा झाला तेव्हा जेरूशा एक्कावन्न वर्षांची होती, हेही त्यात अभिमानानं नोंदवलेलं होतं. गावच्या म्हाताऱ्या डॉक्टरनं ते वाचून, "एल्मायरा, ही बाई नव्हती, ओकचं झाड होती," असं म्हटलं होतं, आणि एल्मायराबाईंनी ती स्तुती समजून घेतली होती.

तर त्यांनी ब्रुकलिनला उत्तर धाडलं, आणि नेहमीप्रमाणे कार्बन लावून प्रत ठेवली. "आमच्या घरात जेरूशा एकच, आणि ती इथेच पुरलेली आहे. आपली आजी दुसरी कुणी असावी. समारंभ फक्त कुटुंबीयांसाठी असल्याने आपण येण्याचे प्रयोजन दिसत नाही." खाली पूर्ण नावानिशी सही.

झालं. विषय संपला असं त्या धरून चालल्या.

संमेलन ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी होतं. जेरूशाचा जुना काळ्या पाटीचा दगड अर्धा जमिनीत रुतून एका बाजूला कलला होता. त्याच्या शेजारी नवा ग्रॅनाइटचा दगड उभा राहायचा होता, आणि त्यावर कोरलेलं होतं: "जेरूशा हॅलक पेनिमन. सातव्या वर्षी शत्रूच्या हाती पडली. घरी परत आली." बुधवारी सकाळी पाथरवट आला. नव्याशेजारी जुना वाकडा कसा दिसेल, म्हणून जुनाही सरळ करा, असं एल्मायराबाईंनीच त्याला सांगितलं. त्यानं पहार घातली, दगड उपसला, मातीत बुडालेला भाग पाण्यानं धुतला.

"बाई, खाली अजून एक ओळ आहे की."

शंभर-दीडशे वर्षांत ती ओळ कुणी पाहिलेली नव्हती. वरची सगळ्यांना पाठ: जेरूशा, डीकन एनॉक पेनिमन यांची पत्नी, मृत्यू १७८८. खालची अशी: "वय ८० वर्षे."

एल्मायराबाईंनी मनात वजाबाकी केली. मग बोटांवर केली. मग पाथरवटाकडून पेन्सिल घेऊन पाकिटाच्या मागे केली. १७०८. जेरूशाला पळवून नेलं १७०६ मध्ये. म्हणजे जन्माच्या दोन वर्षं आधी.

"कोरणाऱ्यानं चूक केलीय, ८९ हवं होतं," त्या म्हणाल्या.

"करतात," पाथरवट म्हणाला, "पण नऊ वर्षांची चूक म्हणजे लईच झाली."

घरी येऊन त्यांनी चर्चच्या बाप्तिस्म्यांच्या आणि मृत्यूंच्या वहीची नक्कल काढली. तीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या हातानं केलेली. मूळ वहीची पहिली पानं आगीत गेलेली, १७०३ पासूनच्याच नोंदी उरलेल्या. १७०७ मध्ये एक ओळ होती, "हॅलकचं मूल वारलं", नाव न देता. कुठलं तरी तान्हं असेल, असं त्यांनी तेव्हा धरलं होतं. आणि त्याखाली १७०८: "जेरूशा, एलिफलेट हॅलकची मुलगी, बाप्तिस्मा." त्या १७०८ वर लाल शाईनं काट मारून समासात त्यांचंच अक्षर होतं: "पाद्र्याची चूक. १६९९ वाचावे."

एल्मायराबाई खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. मेलेल्या लेकराचं नाव पुढच्या लेकराला द्यायची रीत त्या काळी या गावात घरोघर होती. कुलवृत्तांतात इतरांच्या घरांतल्या अशा अकरा जोड्या त्यांनीच शोधून दिल्या होत्या, नवशिक्यांनी गोंधळू नये म्हणून वेगळी टीपही लिहिली होती. आणि आपल्या घरात तेच समोर आलं, तेव्हा पाद्र्यालाच चुकीचा ठरवून मोकळ्या झाल्या. पोरगी वाटेत मेली असं कळलं, आई-बापांनी वर्षभर शोक केला, पुढची मुलगी झाली, तिला जेरूशा म्हटलं. जी पेनिमनांच्या घरात आली, नऊ मुलांची आई झाली, ती ही धाकटी. नॉर्थमेडोबाहेर पाऊलही न टाकलेली.

मग १७१९ मध्ये आली ती कोण? आणि आली तर गेली कुठे?

तेव्हा त्यांना ब्रुकलिनचं पत्र आठवलं. दारात एक मुलगी उभी होती, तिच्या अंगावर आजीचं नाव होतं.  त्यांनी उठून ते पत्र काढलं आणि पुन्हा वाचलं.

गुरुवारी टाउन हॉल उघडायच्या आधीच त्या पायऱ्यांवर हजर होत्या. गावचा कारकून ऑरिन गेट्स हा लहानपणी त्यांच्याच वर्गात शिकलेला. बाहत्तरी गाठली तरी तिजोरीच्या खोलीची किल्ली त्यानं कुणाच्या हाती दिली नव्हती.

"आज काय मोडलं?" ऑरिननं विचारलं. "संमेलन परवा ना? तू आत्ता पेस्ट्र्या भाजायच्या घाईत असायला हवी होतीस."

"ऑरिन, १७१९ चे कागद काढ. मी न बघितलेले."

"तू न बघितलेला कागद या इमारतीत आहे कुठे? तू तर भिंतीचा रंगही खरवडून वाचलास."

"आहे एक गठ्ठा. ताकिदींचा."

ऑरिन थबकला. गावात परका, निराधार माणूस आला, की उद्या त्याला पोसायचं ओझं गावावर पडू नये म्हणून कॉन्स्टेबल त्याच्या दारात जाऊन अमुक दिवसांत गाव सोडण्याची ताकीद देई आणि तसं लिहून देई. भिकारी, विधवा, पोटुशा पोरी, लंगडे शिपाई यांचा तो गठ्ठा. एल्मायराबाईंनी त्याची दोरी कधी सोडली नव्हती. आपल्या घरातलं माणूस त्यात कशाला असेल, असं त्यांनी एकदा ऑरिनला तोंडावर म्हटलंही होतं.

ऑरिन गठ्ठा घेऊन आला. दोरी इतकी जुनी की हात लावताच तुटली. तासभर दोघं शेजारी बसून वाचत होते, आणि मग ऑरिनचा हात थांबला. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"एल्मायरा, हे तू घरी नेऊन वाच."

"वाच मोठ्यानं. मला त्या काळचं अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं येतं, पण आज डोळे ठिकाणावर नाहीत."

ऑरिननं वाचलं. "मी, या गावचा कॉन्स्टेबल, कॅनडाहून आलेल्या आणि स्वतःस जेरूशा म्हणवणाऱ्या एका बाईला, पाठीवरच्या लेकरासह, चौदा दिवसांच्या आत हे गाव सोडून जाण्याची ताकीद दिली आहे. ती ब्रश नावाच्या विधवेकडे उतरली आहे. तिथे ही बाई सांगते की ती माझी मुलगी आहे. माझी मुलगी जेरूशा वारली असून चर्चच्या वहीत तशी नोंद आहे, आणि तिचे नाव माझ्या घरात दुसरीला दिलेले आहे. ऑक्टोबर १७१९." तो थांबला. "सही, एलिफलेट हॅलक."

"बापाची?"

"त्या वर्षी तोच कॉन्स्टेबल होता, एल्मायरा."

 ऑगस्टचा उकाडा, खिडकीत माशा घोंघावत होत्या, आणि एल्मायराबाई थंडीनं काकडल्यासारख्या बसलेल्या. ऑरिननं स्वतःचा कोट त्यांच्या खांद्यावर टाकला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी त्याला कशावरून टोकलं नाही.

सातव्या वर्षी नेलेली पोर. तेरा वर्षांनी शेकडो मैल पायी तुडवत, लेकरू पाठीवर घेऊन बापाच्या दाराशी येते. आणि बाप आत जाऊन दौत-लेखणी घेऊन बसतो. ओळखलं नसेल का त्यानं? ओळखलं असणारच. न ओळखलेल्या बाईसाठी कुणी इतकं लिहीत नाही. बाकीच्या ताकिदी दोन-दोन ओळींच्या होत्या.

पण त्यांना खरा धक्का त्यापुढचा बसला, आणि तो घरी गेल्यावर. त्यांनी ब्रुकलिनच्या उत्तराची कार्बन प्रत काढली आणि एलिफलेट हॅलकच्या ताकिदीशेजारी ठेवली. आमच्या घरात जेरूशा एकच. ती इथेच पुरलेली आहे. आपण येण्याचे प्रयोजन दिसत नाही. अडीचशे वर्षांनी तोच मजकूर, तोच थंड सूर. शिवाय खालच्या सहीत, मधोमध, ते नाव.

त्या तशाच तार ऑफिसात गेल्या. "माझी चूक झाली. तुमची आजी खरी. शनिवारी अवश्य या." शुक्रवारी दिवसभर त्या फोनजवळ बसून राहिल्या. उत्तर आलं नाही. संध्याकाळी वॉल्डो आला, त्याला त्यांनी सगळं दाखवलं. वॉल्डोनं ते दोनदा वाचलं आणि कपाळावरचा घाम पुसला.

"आत्या, हे पुढच्या वर्षी सांगू. दोनशे माणसं येतायत. ओहायोहून लोक मोटारी हाकत येतायत. दगड कोरून झालाय."

"दगडावर काय कोरलंय माहीत आहे ना?"

"माहीत आहे. म्हणून तर म्हणतो. लोक मला विचारतील की आपण मग कुणाचे? ताकीद देणाऱ्याचे?"

"हो," एल्मायराबाई म्हणाल्या. "त्याचेच आहोत. मी तर सिद्ध करून बसलेय."

वॉल्डोला त्याचा अर्थ लागला नाही, आणि त्यांनीही तो सांगितला नाही. त्यांना लाज वाटत होती, खरीखुरी, शाळेत कॉपी पकडल्यासारखी.

शनिवारी चर्चच्या हिरवळीवर टेबलं लागली. काकवीत मुरलेले बीन्स, कणसं, ब्लूबेरीच्या पेस्ट्र्या, लेमोनेडच्या बरण्या. प्रत्येकाच्या छातीवर नावाची चिठ्ठी, ती एल्मायराबाईंनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलेली. दुपारी सगळे शेजारच्या दफनभूमीत जमले. वॉल्डोनं चादर ओढली. टाळ्या पडल्या. आता एल्मायराबाईंचं भाषण. लोक रुमालांनी वारा घेत आरामात उभे होते, कारण दरवर्षी तेच भाषण असे.

त्यांनी भाषण केलं नाही. पर्समधून कागद काढला आणि ताकीद वाचली. सहीसकट वाचली. मग सांगितलं, की आपण हिच्यापासून आलेलो नाही, आपण घरात राहिलेल्या धाकट्या बहिणीपासून आलोय. आणि ही आली होती तेव्हा तिच्या बापानं तिला हाकलून लावलं.

रुमाल थांबले. कुणाच्या तरी हातातला पेला गवतावर पडला, तो उचलायला कुणी वाकलं नाही. ओहायोची एक जाडी बाई हळूच खाली बसली. कुळाचा सगळ्यात म्हातारा माणूस, ज्यानं लहानपणापासून जेरूशाची गोष्ट नातवंडांना रंगवून सांगितली होती, तो टोपी काढून नुसता त्या दगडाकडे बघत राहिला.

"स्वतःची मुलगी?" तो म्हणाला. "स्वतःची?"

 एल्मायराबाईंनी मान वर केली, तेव्हा त्यांना दफनभूमीच्या लोखंडी कुंपणाबाहेर एक बाई उभी दिसली. पन्नाशीची, हिरव्या पोशाखातली, दोन्ही हातांत पर्स घट्ट धरलेली. गावातली नव्हती. एल्मायराबाई लोकांमधून वाट काढत फाटकाशी गेल्या.

"तुम्ही अगाथ मोंतूर?"

"हो."

"माझी तार मिळाली म्हणजे."

"कसली तार? मी बुधवारीच बहिणीकडे निघाले होते. तुमचं पत्र मिळालं होतं."

"पत्रात तर मी नका येऊ म्हटलं होतं."

"हो ना," अगाथ म्हणाली. "म्हणून इथे बाहेर उभी आहे. रस्ता तर सगळ्यांचा असतो."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर एल्मायराबाईंना बरं वाटलं असतं. अगाथची नजर त्यांच्या छातीवरच्या चिठ्ठीवर गेली, आणि तिनं ती ओठ हलवत वाचली. एल्मायरा जेरूशा पेनिमन.

"म्हणजे आता ते तुमच्याकडे आहे होय."

एल्मायराबाईंचा हात आपोआप चिठ्ठीवर गेला. "मी काढून ठेवते. मला ते लावायचा अधिकार नाही."

"छे, राहू द्या. तुम्हाला वाटतं ती रुसून गेली?" अगाथ म्हणाली. "आमच्यात मेलेल्या माणसाचं नाव दुसऱ्याला देतात, म्हणजे त्याची जागाही त्यालाच देतात. तिलाही आमच्याकडे आणलं तेव्हा असंच एका मेलेल्या मुलीचं नाव दिलं होतं. त्या मुलीची आई मग हिची आई झाली. त्यामुळे दारातल्या पोरीला नाव विचारलं, पोरगी जेरूशा म्हणाली, तेव्हा ती समजून चुकली. घरात जागा उरलेली नव्हती. बापानं कागद नंतर दिला असेल. ती तर दारातच वळली होती."

 बापाचा दुष्टपणा एल्मायराबाईंनी दोन दिवसांत कसाबसा पचवला होता. पण अकरा वर्षांची एक पोर निरागसपणे आपलं नाव सांगते आणि समोरची बाई त्या एका शब्दावर माघारी फिरते, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. ती पोर म्हणजे त्यांची मूळ माता. तिला आयुष्यभर कळलं असेल का, की आपण काय बोललो?

त्यांनी फाटकाची कडी काढली. ती गंजलेली होती, दोन्ही हातांनी हिसडावी लागली. अगाथ आत आली, गर्दी बाजूला झाली, वॉल्डोनं टोपी काढली. ती नव्या दगडासमोर उभी राहिली आणि सावकाश वाचू लागली.

"हा दगड आम्ही बदलून घेऊ," एल्मायराबाई मागून म्हणाल्या. "सगळं खोटं कोरलंय त्यावर."

अगाथनं शेवटच्या ओळीवरून बोट फिरवलं. घरी परत आली.

"हे कशाला बदलता?" ती म्हणाली. "ती आली होती की."